सोनटक्के सर आणि हळदीचा असल कागद

नांदेडच्या विधी महाविद्यालयात सोनटक्के सरांचा पहिला तास मला लाभला, तो सागरी वाहतूक कायद्याचा. आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनी फळ्यावर ‘डेमरेज’ लिहिलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर रागावले नाहीत. ‘मोंढ्यात ट्रक रिकामा करायला उशीर झाला, की ड्रायव्हर काय मागतो?’ त्यांनी विचारलं. ‘खोळंब्याचे पैसे!’ सगळे ओरडले. ‘झालं तर. ट्रकच्या जागी जहाज धरा.’ वकिलीत माझे केस पिकले, तरी त्या दिवसापासून मी सरांची विद्यार्थिनीच आहे.

सर मूळचे मुखेडचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले. निवृत्तीनंतरही अडलेली माणसं आधी त्यांच्याच दारात येतात. सर त्यांना चहा पाजतात आणि मग माझ्याकडे पाठवतात. माझी निम्मी वकिली त्या चहावर चालते, हे सांगायला मला मुळीच संकोच नाही.

असेच एकदा उदगीरचे व्यापारी मन्मथप्पा आले. गावातल्या शेतकऱ्यांची हळद त्यांनी पहिल्यांदाच परदेशी पाठवली होती. खरेदीदाराने पैसे भरले होते, माल बंदरात उतरला होता, पण त्याच्या ताब्यात मिळत नव्हता. तो सौदा मोडायला निघाला होता. पुन्हा त्या गावची हळद कुणी घेतली नसती. कारण एवढंच, की जहाज कंपनीने दिलेल्या बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीच्या, तिन्ही असल प्रती मन्मथप्पांच्या तिजोरीत होत्या.

‘असल कागद कुणी हातचा सोडतंय का, सर? झेरॉक्स धाडलो की मी!’

आपल्याकडे घराची रजिस्ट्री जपतात, तशी त्यांनी ती जपली होती. सर म्हणाले, ‘घर जागचं हलत न्हाई, म्हणून त्याचा कागद कपाटात ऱ्हातो. माल चालतो, मग त्याचा कागदबी चालला पाहिजे. ज्याच्या हाती असल, त्यालाच माल. तिन्ही प्रती जहाज कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत जमा करा. ते तिकडं निरोप देतील, माल सुटंल.’

‘अन् उद्या माल पोचलाच न्हाई म्हणले, तर माझ्या हातात काय ऱ्हायलं?’

सरांनी मॅडमकडे, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे, पाहिलं. मॅडमनी कपाट उघडून राहत्या घराचं असल खरेदीखत आणलं आणि सरांनी ते मन्मथप्पांच्या हाती ठेवलं. ‘माल सुटंस्तोवर हे तुमच्यापाशी.’ कायद्याने अशा ठेवीला काय अर्थ, हे सरांना माझ्याहून जास्त कळत होतं. मन्मथप्पा ओशाळले, पण घेतलं हं त्यांनी! रुमालात गुंडाळून घेतलं आणि मुंबईची गाडी गाठली.

माल सुटला. मन्मथप्पा पेढे घेऊन आले, तेव्हा मी तिथंच होते. खरेदीखत त्यांनी सरांपुढे धरलं. सरांनी हात मागे घेतला आणि मॅडमकडे बोट दाखवलं. ‘ह्यांना द्या. घर ह्यांच्या नावावर हाय. मी इथं फुकट ऱ्हातो.’

मन्मथप्पांनी घाईघाईने खरेदीखत उलगडून नाव वाचलं. ‘म्हणजे… तुमचं नव्हतंच?’

मॅडम म्हणाल्या, ‘विश्वास बसला होता न्हवं? मग कागद कशाला वाचताय आता?’ मन्मथप्पा इतके हसले, की पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातून निसटला.

सर, आपली पंचाहत्तरी ही आम्हा सर्वांच्या घरची दिवाळी आहे. आपली प्रकृती ठणठणीत राहो, आणि मॅडमच्या घरातला आपला हा फुकटचा मुक्काम शंभरी ओलांडून पुढे चालो.