टर्बो गाडी आणि माझा ताजा डिप्लोमा

नव्वदच्या दशकात राहात्याच्या आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, मुंबईहून एक जुनी जपानी टर्बो गाडी आणली. गाडी उत्तम चालत होती. पण माझ्याकडे ऑटोमोबाईलचा ताजा डिप्लोमा होता, त्यामुळे तिला सुधारणं भागच होतं.

‘‘कंपनीनं इंजिनाची ताकद दाबून ठेवलीय,’’ मी दाजींना समजावलं. अंगणात बॉनेट उघडून झडपा हलवणारे कॅमचे गिअर कंपनीनं कोरलेल्या खुणेपासून थोडे सरकवले आणि इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चांगलं पुढे घेतलं. नेमकं किती, हे विचारण्याचा उद्धटपणा कुणी केला नाही. गाडी सुरू केल्यावर इंजिनाची खडखड ऐकून चहा घेऊन आलेली ताई म्हणाली, ‘‘आत खडे पडलेत का रे?’’ तिच्या अज्ञानाकडे मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

बाभळेश्वरपर्यंत गाडी विमानासारखी गेली. तिथं भसाभस वाफ सोडून ती बंद पडली. परत आलो ते ट्रॅक्टरच्या मागं बांधून, भर बाजारातून.

शेवटी दाजींनी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी जन्मात टर्बो पाहिला नव्हता, पण खुणा त्यांना दिसत होत्या. सगळं पूर्वीच्या जागी आणून, पाणी भरून त्यांनी गाडी सुरू केली आणि हात पुसत मला विचारलं, ‘‘सायेब, कंपनीनं ह्या खुना काय शोभेला केल्यात व्हय?’’

दिवाळीला गेलो, तेव्हा बॉनेटला कुलूप होतं आणि किल्ली ताईच्या कमरेला.