खंडेनवमीला तपासलेली कार्डं

माझी दीपमाला हल्ली जेवायला बसते आणि ताटाकडे नुसती बघत राहते. सव्वीस वर्षांची आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर तिच्या मैत्रिणी सॉफ्टवेअरचे कोर्स करून हिंजवडीच्या बसमध्ये चढल्या. ही भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात रिसीव्हर कार्डं तपासत राहिली. "सगळ्यांनी प्रोग्रामच लिहिले तर तारा कोण जोडणार, आई?" म्हणायची.

ते काम तिनेच मला पोळ्या लाटताना समजावलं होतं. दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक पाहून कार्डावरचा रिसीव्हर मशीनला चालू किंवा बंद व्हायला सांगतो. फरक एका पातळीच्या वर गेला की त्याचं आउटपुट पाच व्होल्टच्या आसपास जातं. पण परत शून्याकडे यायला फरक त्या पातळीच्याही बराच खाली उतरावा लागतो. ही मधली फट म्हणजे हिस्टेरिसिस. शेजारच्या मोटारींमुळे तारेत येणारी थरथर त्या फटीत जिरते. फट अपुरी असली तर आउटपुट आपोआप उड्या मारतं.

खंडेनवमीला नव्या, स्वस्त रिसीव्हरची पन्नास कार्डं गिऱ्हाइकाकडे जायची होती. तपासणी नेहमी तीनशे मीटर तारेच्या रिळावर, शेजारी मोटर चालवून व्हायची. पण सकाळीच रिळाला हळदकुंकू लागलं, हार पडला.

"पुजलेल्या वस्तूला आज हात लावायचा नाही," मालक दिगंबरकाका म्हणाले.

"अहो काका, मग दसरा झाल्यावर पाठवू."

"टेबलावर हातभर तार लावून बघ. आजवर एक तरी कार्ड परत आलंय?"

टेबलावरच्या मीटरला अजून कुंकू लागायचं होतं, म्हणून त्याला हात लावलेला चालत होता! एवढ्याशा तारेत थरथर येतच नाही; सगळी कार्डं पास झाली. दीपमालाने सही केली.

तीन आठवड्यांनी चाकणच्या एका कारखान्यात त्यातलंच कार्ड बसवलेली, पत्रा दाबणारी प्रेस कुणी बटण न दाबता खाली आली. यवतमाळहून आलेल्या कोंडीरामची चार बोटं गेली. दीपमालाने तिथलं कार्ड आणून लांब तारेवर लावलं. मोटर सुरू होताच आउटपुट वर-खाली होऊ लागलं.

उद्या चौकशी आहे. 'त्याने हात मध्ये घातला, एवढंच सांग,' असा काकांचा निरोप आला. मीही तिला म्हणाले, "तसंच सांग गं. तुझं सगळं व्हायचंय अजून."

"आणि त्याचं, आई?"

तिने जबाब लिहून ठेवलाय. त्यात काका नाहीत, पूजा नाही. लांब तारेवर तपासलं नाही, सही माझी, एवढंच. यापुढे तिला कुणी कामावर ठेवणार नाही. मघाशी मी तो कागद फाडायला घेतला. पण ती दुसरा लिहील, आणि माझ्याशी बोलायचं मात्र सोडेल. परत पाकिटात घातला.