हवेचा बंब

माझे धाकटे दीर पत्र्याचं काम करायचे. डबे, बादल्या, धुराडी, अंघोळीचे बंब, पत्रा वाकवून जे जे होतं ते सगळं. दुकानाला पाटी नव्हती, पण ‘जपून’चं दुकान विचारलं की गल्लीत कोणीही बोट दाखवायचं. येता-जाता प्रत्येकाला ‘जपून’ म्हणायची खोड, म्हणून हे नाव पडलेलं. कोणी शिडीवर चढलं, जपून. कोणी उशी उचलली, तरी जपून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्दही तोच. मी तर नुसती पाटावर बसत होते.

विजेला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली डोळे गच्च मिटून बसायचे. हे म्हणायचे, आमच्या भावाच्या सावलीलासुद्धा त्याला विचारून पडावं लागतं. पण विस्तवाच्या बाबतीत त्यांना कोणी हसत नसे. तरुणपणी त्यांना एका घराची कडी कापायला बोलावलं होतं. आत नवरा-बायको थंडीचं दार लावून, कोळशाची शेगडी पायाशी घेऊन झोपलेले. कडी कापली, दार उघडलं. धूर नाही, वास नाही, अंथरुणाला सुरकुती नाही. दोघं नीट पांघरूण घेऊन गेलेली. भावजींनी हे मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा विचारू नका म्हणाले.

त्या वर्षी थंडी हाडात शिरणारी होती आणि त्यातच माझी लेक बाळंतपणाला आली. दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. मुलगी झाली, पण एवढीशी, की तिला उचलताना हातात काही आहे का हे बघावं लागे. पाय सदा गार. रडताना ओठ निळे पडायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोली रात्रंदिवस उबदार ठेवा आणि धूर मुळीच होऊ देऊ नका. सांगायला काय जातं! आमच्या खोलीत भिंतीतली जुनी चूल होती. तिच्यात गाडाभर लाकूड घाला, ऊब सगळी धुराड्यातून आभाळाला. आम्ही आपले चुलीकडून भाजलेले आणि पाठीकडून गोठलेले. मी रात्री उठून उठून तिच्या नाकाशी बोट धरायची. श्वास लागला की माझा सुटायचा.

भावजी रोज येऊन बाळाच्या पायाला हात लावून जात. मग दुकानातून ठोकल्याचे आवाज यायला लागले आणि गिऱ्हाइकांच्या बादल्या तशाच पडून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाले, “वहिनी, बंबात काय असतं? पाण्याच्या मधून जाळाची नळी जाते. मी उलटं करतोय. जाळाच्या मधून हवेच्या नळ्या नेतोय.”

तसंच होतं ते. जाड पत्र्याची पेटी. तिच्या आतून, ऐन जाळातून, आडव्या-उभ्या नळ्या. नळ्यांची खालची तोंडं जमिनीलगत, वरची पेटीच्या माथ्याशी. जमिनीवरची गार हवा खालून आत शिरायची, तापली की आपोआप वर चढून खोलीत यायची. जाळ वेगळा, हवा वेगळी, दोघांची भेट नाही. आणि वर, धूर बाहेर पडायच्या आधी, त्याच्या वाटेत पत्र्याच्या तीन पडद्या. म्हणजे धुराने सरळ पळायचं नाही, वळसे घेत जायचं आणि जाता जाता आपली ऊब घरात टाकून जायचं. प्रत्येक सांधा त्यांनी मेणबत्ती धरून तपासला. ज्योत जिथे हलली तिथे पुन्हा जोड.

बंब बसवला त्या दिवशी चार लाकडांत खोली अशी तापली, की माझ्या लेकीने शाल काढून ठेवली. संध्याकाळी बाळाचे पाय मी तळव्यात घेतले आणि ते मला गरम लागले. जन्मल्यापासून पहिल्यांदा. शेजारपाजार बघायला लोटला. जो तो भावजींची पाठ थोपटत होता.

त्यांचं लक्ष नव्हतं. ते धुराड्यावर तळहात ठेवून उभे होते.

“गार आहे,” ते म्हणाले.

“मग चांगलंच की,” हे म्हणाले. हे कारखान्यात जोडारी, यांना यंत्रातलं कळायचं. “सगळी ऊब तू घरात काढून घेतलीस. वर काही जातच नाही. अजून काय पाहिजे?”

“दादा, वर जायला धुराला अंगात ऊब लागते. गार धूर जड होतो. जोराचा वारा आहे तोवर ओढला जाईल. वारा पडला तर?” एक पडदी काढतो म्हणाले.

“पडदी काढलीस की पुन्हा लाकूडही जास्त आणि खोलीही गार. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो तुझ्याच मागे बरा लागतो रे.”

सगळे हसले. भावजींनी तरी छन्नी हातात घेतली होती. तेव्हा माझी लेक हळूच म्हणाली, “काका, तिचे पाय बघा ना.” आणि बाळाचं पाऊल त्यांच्या पुढे धरलं. भावजींनी त्या पावलाकडे पाहिलं आणि छन्नी खाली ठेवली.

पडदी राहिली. पण माणसाची झोप गेली. दुकान टाकून दिवसातून कितीदा तरी यायचे, धुराड्याला हात लावायचे, प्रत्येकाला विचारायचे, डोकं दुखतंय का. हे म्हणायचे, तू विचारलंस की दुखतं. भावजी जाताना खिडकी बोटभर उघडून जात. ते गेले की लेक ती लावून घेई, बाळाला झुळूक लागेल म्हणून. तिचं तरी काय चुकलं? तीही भीतच होती. तिची भीती वाऱ्याची, भावजींची धुराची. एका खोलीत दोन भीती नांदत होत्या.

मग एक दुपार अशी आली, की पान हलेना. धुकं सकाळी उतरलं ते छपरांवर ओल्या चादरीसारखं बसून राहिलं. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. बंबात निखारे तेवढे उरले होते. लेक बाळाला घेऊन पडली होती, दार लोटलेलं. तेवढ्यात भावजी अनवाणी धावत आले. दुकानाच्या दारातून त्यांना दिसलं होतं, की इतरांचा धूर छपरावरून खाली घरंगळतोय आणि आमच्या धुराड्यातून काहीच निघत नाहीये.

मी दाराशी गेले. आत छान ऊब. धूर नाही, वास नाही. मायलेकी शांत झोपलेल्या, लेकीच्या गालांवर लाली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “भावजी, हळू. आत्ताच डोळा लागलाय.”

त्यांनी मला बाजूला लोटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्या अंगाला हात लावला तो तेवढाच. खिडकी धाडकन उघडली, बाळ उचललं आणि ओरडले, “तिला ओढा, वहिनी, बाहेर ओढा.” मी लेकीला हाका मारल्या, हलवलं. ती ओल्या पोत्यासारखी. काखेत हात घालून तिला फरफटत अंगणात आणलं तेव्हा कुठे ती कण्हली आणि भडभडून ओकली.

बाळ मात्र आवाज करेना. जिला आम्ही वाऱ्याची फुंकर लागू दिली नव्हती, ती त्या गोठवणाऱ्या हवेत भावजींच्या हातांवर उघडी पडली होती. मान लुळी. मी शाल घेऊन धावले. म्हटलं, गारठ्याने मरेल हो ती, आत घ्या.

“आत नाही, वहिनी.” त्यांचे दात वाजत होते, हात मात्र स्थिर होते. “आत नाही.”

धुरातून वाचवायचं तर थंडीत, थंडीतून वाचवायचं तर धुरात. मी शाल तिच्या पोटावर टाकली आणि पाय चोळत बसले. पाय पुन्हा गार झाले होते. भावजी तिच्या तोंडावर फुंकर मारत होते, पाठ चोळत होते, आणि पुटपुटत होते की तीनची गरज नव्हती, दोन पुरल्या असत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिने तोंड वेडंवाकडं केलं, ओठ निळे केले आणि रडली. त्या निळ्या ओठांची मला एरवी धास्ती वाटायची. त्या दिवशी त्याच ओठांशी मी बोट धरलं.

डॉक्टरीणबाई येऊन दोघींना तपासून गेल्या. बंब निवल्यावर भावजींनी पेटी उघडली. हे कारखान्यातून आले, सगळं ऐकलं, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि न सांगता पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. भावजींनी छन्नी लावून पडदी काढली. भिंतीतही भोक पाडलं आणि बाहेरची हवा थेट जाळाच्या तोंडाशी येईल अशी नळी बसवली, म्हणजे कोणी खिडकी लावली तरी जाळाचा जीव घुसमटू नये.

दुसऱ्या दिवशी धुराड्याला हात टेकवेना. हे पोळलेलं बोट झटकत म्हणाले, “बरीच ऊब चालली की रे वर.”

“जाऊ दे, दादा. धुरालाही वाटखर्ची द्यावी लागते. नाही दिली तर तो घरातच मुक्काम करतो.”

बाळ त्या थंडीतून तरलं. लाकूड जास्त लागलं, ते आम्ही आणलं. पुढे भावजींनी असे पुष्कळ बंब केले, सगळे दोन पडद्यांचे. कोणी म्हणे, पलीकडचा कारागीर तीन घालून देतो, कमी लाकडात भागतं. भावजी म्हणत, मग त्याच्याकडून घ्या, आणि रात्रभर तळमळत.

म्हातारपणी गुडघे गेले तरी एक नेम सुटला नाही. वारा पडून धुकं बसलं की काठी घेऊन निघायचे, मान वर करून छपरं बघत. जिथे जिथे त्यांचा बंब होता तिथे दार वाजवायचे. लोक कंटाळायचे. काठीचा आवाज ऐकूनच आतून ओरडायचे, जिवंत आहोत हो, जा घरी. भावजी जात नसत. कोणीतरी उठून दार उघडेपर्यंत आणि घरातलं प्रत्येक तोंड दिसेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे राहायचे.