रामाकोन्याच्या नावेतला गालिचा

सौसरच्या बसस्टँडच्या मागच्या अंगाला, टिनाच्या शेडात, प्रमिला सोमकुवरचं सीटचं दुकान होतं. जीपच्या सीटा, ट्रॅक्टरची गादी, लुनाचं कव्हर, टॉकीजमधल्या उंदरांनी कुरतडलेल्या खुर्च्या, जे म्हणून बसायच्या कामाचं असेल ते तिच्याकडे येई. मंगळवार-शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या जीपा तिच्या दुकानापुढे थांबत. ड्रायव्हर उसवलेली शिवण दाखवून म्हणत, "बाई, चाय होईस्तोवर एवढं करून दे." प्रमिला चहा होईस्तोवर करून देई आणि वरून ऐकवी, "सीट फाटली नाई तुही, तूच फाडली. मागच्या खिशात पाना ठेवून बसत नोको जाऊ."

तिचं माहेर पांढुर्ण्याचं, पण हे काम ती शिकली नागपूरला, मामाच्या घरी राहून. मामा मोटारींच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात होता. मामी तिला ब्लाउज शिवायला बसवी, आणि प्रमिलाच्या हातच्या दोन बाह्या कधी एकसारख्या होत नसत. मामानं एकदा सहज ट्रकची ताडपत्री पुढ्यात टाकली, तर तिनं एका बैठकीत सरळ रेघेत शिवून काढली. मामी म्हणाली, "हिच्या हाताले मोठंच पायजे." लग्न होऊन ती सौसरला आली. नवरा उत्तम नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर नोकरीला होता. सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह फिरवायचा आणि मधल्या वेळात बायकोच्या दुकानात बसून बोलत राहायचा. प्रमिलाही बोलण्यात त्याला हार जाणारी नव्हती. गिऱ्हाईक नसलं तरी दुकानात माणसं असायचीच.

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात रामाकोन्याचे भैय्याजी दुकानात आले. संत्र्याचे बागाईतदार, आवाज असा की बोलले की शेडाचे टिन वाजावेत.

"प्रमिलाबाई, नावेत गालिचा बसवाचा हाये."

"गावात? कोनाचं लगन हाये?" प्रमिला मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

"गावात नाई वो बाई, नावेत! डोंग्यात. पाण्यावर चालते तो."

प्रमिलानं मशीन थांबवलं. उत्तम तर उभाच राहिला.

भैय्याजींनी सगळं सांगितलं. त्यांची बाग होती कन्हानच्या पलीकडच्या काठाला. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा, आणि त्या वाटेवर बैलगाडी माणसाला चाळणीतल्या दाण्यासारखी उडवते. त्यांच्या बायकोचे, केसरबाईंचे गुडघे गेल्या काही वर्षांत पार दुखावले होते. तेव्हापासून त्यांचं बागेत जाणं बंद झालं. घरी बसून त्या विचारत, कोणतं झाड कसं आहे, कुठं पाणी कमी पडलं, आणि भैय्याजींनी सांगितलेलं त्यांना कधी पटत नसे. शेवटी भैय्याजींनी एका धरणावरच्या लिलावातली जुनी नाव आणली. पूर्वी तिच्यात बसून साहेबलोक पाणी पाहत असत. इंजिन केव्हाच गेलं होतं, पण वर छत होतं, बाजूला खिडक्या होत्या आणि लाकूड बरं होतं. रामाकोन्याला नदीचा डोह खोल आणि संथ होता, तिथं वल्ही मारून पलीकडे जाणं काही अवघड नव्हतं.

"मंग गालिचा कायले?" उत्तमनं विचारलं.

"तिले बाकावर पाय लटकवून बसवत नाई. खाली फतकल मारूनच बसते ते. अन् लाकडाची फळी गुडघ्याले टोचते. खाली गालिचा, अन् काठाकाठानं धराले रेग्झिनची पट्टी. करशीन का?"

प्रमिलानं आयुष्यात नावेचं आतलं अंग पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "करतो ना! नाव म्हंजे तरी काय, पाण्यावरची जीपच तं हाये."

दुसऱ्या दिवशी ती छोट्या लाइनच्या गाडीनं रामाकोन्याला गेली. नाव भैय्याजींच्या घरामागच्या काठावर ओंडक्यांवर चढवून ठेवली होती आणि कवडू सुतार तिच्या तळाच्या कुजक्या फळ्या बदलून वर तैलरंगाचा हात मारत होता. केसरबाई अंगणातल्या खाटेवर बसून त्याला सूचना देत होत्या. गालिचा भैय्याजींनी आधीच नागपूरहून आणून ठेवला होता. लालभडक, जाडजूड, तागाच्या पाठीचा. लग्नघरात पाहुण्यांसाठी अंथरतात तसला. ताग पाण्यात टिकेल का, असा प्रश्न प्रमिलाच्या मनात येऊन गेला. पण त्या रंगाला तीही भुलली. चिकटवायचं कशानं, असं तिनं कवडूला विचारलं.

"पांढरा गोंद," कवडू म्हणाला. "दरवाजे जोडतो मी त्यानं. बैल धडकला तरी निंघत नाई."

मग पांढरा गोंद. प्रमिलानं गालिचा मापात कापला, कडा आत दुमडल्या, काठाला तांबड्या रेग्झिनची पट्टी चिकटवली. नाव अशी दिसू लागली की भैय्याजी गावातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवू लागले.

नाव पाण्यात सोडायच्या दिवशी निम्मं रामाकोना काठावर होतं. केसरबाईंना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं, मग त्या खाली बसल्या. प्रमिला त्यांच्याशेजारी, उत्तम तिच्यामागं, वल्ह्यावर कवडू. डोहाच्या मध्यापर्यंत सगळं झकास चाललं. पण जुनी नाव थोडंफार पाणी घेतेच, आणि चढणाऱ्यांच्या ओल्या पायांनी त्यात भर घातली होती. केसरबाईंनी पाय हलवला आणि पाहतच राहिल्या. पाऊल पांढरं झालं होतं.

"पोरी, हे काय निंघून राह्यलं? दूध?"

प्रमिलानं हात टेकला तर गालिच्यातून पांढरं पाणी वर आलं. तागाची पाठ फुगून गालिच्याला पोट सुटलं होतं. तिनं ते दाबलं तर ते सरकून उत्तमच्या बाजूला वर आलं. काठाची पट्टी एका टोकानं सुटली आणि पाण्यात लोंबकळायला लागली. कवडू वल्हं मारत वर आभाळाकडे पाहू लागला.

"तुमचा बैल कुठं धडकला, कवडूभाऊ?" प्रमिला म्हणाली, पण तिचा आवाज रडवेला झाला होता.

तेवढ्यात केसरबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "कित्येक वर्सांनी घराच्या भाईर निंघाली," त्या म्हणाल्या, "तं दुधातच न्हाली मी! फिरव रे नाव, कवडू. आता बागेत नाई जात. अशा पायानं गेली तं झाडं भेतीन मले."

काठावर भैय्याजींनी सुटलेला गालिचा स्वतःच ओढून बाहेर काढला. तो लाल गालिचा धुऊन वाळवला तेव्हा आटून निम्मा झाला. पुढच्या पोळ्याला भैय्याजींच्या बैलांच्या पाठीवर त्याच्या झुली होत्या, आणि त्या बैलांना शोभल्याही.

सौसरला परतल्यावर प्रमिला प्रथमच गप्प झाली. उत्तमला ते सहन होईना. तोच म्हणाला, "नत्थूजीले इचार ना. दिवसभर चपला चिकटवते तो. लोक पाण्यातून, चिखलातून जातेच ना चपला घालून?"

नत्थूजी बसस्टँडच्या दारात बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिवळसर सोल्युशनचा डबा दाखवला. "जोड्याच्या सामानाच्या दुकानात भेटते, नागपूरले. दोन्ही आंगाले लावाचं, खालीही अन् वरही. मंग चूप बसाचं. बोटाच्या पाठीनं लावून पाह्य. चिकटलं तं अजून वलं हाये. नाई चिकटलं तं दाब. तुले चूप बसता येते का, ते पाह्य पहिले."

प्रमिलानं या वेळी आधी पाहून घ्यायचं ठरवलं. लाकडाच्या तुकड्यांवर गालिच्याचे तुकडे लावले. एक पांढऱ्या गोंदाचा, एक सायकलवाल्याकडच्या पंक्चरच्या सोल्युशनचा, एक नत्थूजींच्या डब्यातला. सगळे बादलीत बुडवून ठेवले. पांढऱ्या गोंदाचा तुकडा अपेक्षेप्रमाणे सुटून तरंगू लागला. बाकीचे दोन टिकले. मग उन्हाळ्याची परीक्षा म्हणून तिनं ते चुलीजवळ मांडले. पंक्चरच्या सोल्युशनला जिलबीच्या पाकासारखी तार सुटली आणि गालिचा घसरून खाली आला. नत्थूजींचा तुकडा मात्र ओढून ओढून उत्तमचे हात लाल झाले तरी हलला नाही.

"घरात सैपाक होऊन राह्यला का लाकडं शिजून राह्यली?" उत्तम म्हणाला. पण त्यालाही आता चेव चढला होता. त्यानंच एक तुकडा कवडूच्या तैलरंग दिलेल्या फळीवर लावून पाहिला. ओढला तर गालिच्यासकट रंगाची साल निघून आली. सोल्युशन ताज्या रंगाला खात होतं. तळाचा रंग खरवडल्याशिवाय इलाज नव्हता.

गालिचाही बदलावा लागणार होता. प्रमिला नागपूरला गेली आणि टॉकीजच्या जिन्यावर टाकतात तसला प्लास्टिकच्या धाग्याचा, तागाची पाठ नसलेला गालिचा घेऊन आली. लाल मिळाला नाही. मोरपंखी मिळाला. सोबत सोल्युशनचा डबा. तो झाकणातून एवढा वास मारत होता की छोट्या गाडीत तिच्या बाकावर कोणी बसलं नाही आणि ती सौसरपर्यंत पाय पसरून आली.

रामाकोन्यात कवडूनं रंग खरवडायचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तरी न कुरकुरता खरवडला, आणि पाणी येत होतं त्या फटीही पुन्हा बुजवल्या. मग लाकूड नीट वाळू दिलं. प्रमिलानं तळाला सोल्युशन लावलं, गालिच्याच्या पाठीला लावलं, आणि खरोखर चूप बसली. पण छताखाली वास कोंडला होता. थोड्या वेळानं उत्तम उगाचच हसायला लागला. आधी हळू, मग खो खो.

"काय झालं?"

"काई नाई. कवडूभाऊची मिशी पाह्य."

"मिशीले काय झालं?"

"काईच नाई झालं!" म्हणून तो आणखी हसला.

प्रमिलानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि स्वतःही वाऱ्यावर येऊन बसली. आत परत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की खरी अडचण पुढंच आहे. हे सोल्युशन एकदा टेकलं की टेकलं. एवढा मोठा गालिचा तिरपा पडला तर पुन्हा हलवता येणार नाही. ती कोपरा हातात धरून तशीच उभी राहिली.

"थांब," कवडू म्हणाला. तो अंगणात गेला आणि संत्र्याच्या टोपल्या विणायला आणलेल्या बांबूच्या कामट्यांचा भारा घेऊन आला. त्यानं तळावर त्या आडव्या मांडल्या, थोड्या थोड्या अंतरानं. "आता याच्यावर ठेव. मापात बसव. मंग एकेक कामटी काढत जा अन् दाबत जा."

गालिचा कामट्यांवर अधांतरी राहिला. प्रमिलानं तो चारी बाजूंनी सरळ केला. मग कवडू एकेक कामटी ओढू लागला आणि ती मागोमाग हातानं दाबत पुढं सरकू लागली. शेवटची कामटी निघाली तेव्हा गालिचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असा बसला होता, जसा लाकडातूनच उगवला.

"कवडूभाऊ," प्रमिला म्हणाली, "तुमचा तो बैल माफ केला मी."

केसरबाई आल्या आणि मोरपंखी रंग पाहून जरा रुसल्या. "लालच पायजे व्हता मले." पण बसल्यावर त्यांनी तळवा गालिच्यावरून फिरवला, नखानं कड उचलून पाहिली, ती उचलली गेली नाही. "घट्ट हाये," त्या म्हणाल्या.

या वेळी काठावर गर्दी नव्हती. भैय्याजी स्वतः वल्ह्यावर बसले. डोह ओलांडेपर्यंत प्रमिला दोघींच्या पायांकडेच पाहत होती. आधी केसरबाईंच्या, मग आपल्या. दोन्ही कोरडे होते. पलीकडे नाव टेकली तेव्हा केसरबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरल्या आणि काठी टेकत पहिल्या ओळीपाशी गेल्या. झाडं फळांनी वाकली होती. त्या एका झाडापाशी थांबल्या, बुंध्याची साल अंगठ्यानं दाबून पाहिली.

"याले डिंक सुटून राह्यला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अन् तुमी मले सांगत होते सगळी झाडं चांगली हाये म्हून."

"आता तू आली ना," भैय्याजी हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाज आहे हे प्रमिलाला त्या दिवशी कळलं.

केसरबाईंनी एक संत्रं तोडलं, सोललं, निम्म्या फोडी प्रमिलाच्या हातावर ठेवल्या, निम्म्या स्वतः खाल्ल्या. दोघी बुंध्याशी बसून राहिल्या आणि केसरबाईंनी तिला बाग लावली तेव्हापासूनचं सगळं सांगितलं. प्रमिला मधे मधे बोलायचंही विसरली. त्यानंतर केसरबाई हंगामभर बागेत जात राहिल्या, आणि भैय्याजींना झाडांची खरी हकीकत सांगावी लागू लागली.

नावेची गोष्ट सौसरात पसरली तशी प्रमिलानं दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली. पेंटर प्रकाशनं झोकदार अक्षरात लिहिलं: "प्रमिला सीट वर्क्स. जीप, ट्रॅक्टर, लुना, नाव." नावेचं दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही. पण पाटी वाळते न वाळते तोच लोधीखेड्याची एक बाई डोक्यावर भांड्यांचं बोचकं घेऊन आली. पोरीचं लग्न होतं.

"या समद्या भांड्यायवर नाव घालून द्या," ती म्हणाली.

"बाई, इथं नाव म्हंजे डोंगा," प्रमिला म्हणाली.

बाईनं एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "सौसरात कुठचा डोंगा आला? पाटीवर लिवलं हाये ना तुमच्या, स्टँडावर वाचून दाखवलं मले एकानं."

प्रमिला पुढं काही बोलणार, तेवढ्यात उत्तमनं बोचकं उतरवून घेतलं. नगरपालिकेच्या फळ्यावर पाणी येण्याच्या वेळा तोच लिहीत असे, आणि आपल्या अक्षराचा त्याला अभिमान होता. त्यानं छिन्नी पैदा केली, पाण्याचा पितळी गुंड मांडीवर घेतला आणि ठोकायला बसला. त्या हिवाळ्यापासून दुकानात एका बाजूला शिवणाचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला छिन्नीची टकटक सुरू झाली, आणि दोन्हींच्या वरताण दोघांचं बोलणं.

पहिल्या गुंडावर मात्र त्यानं गप्पांच्या नादात "प्रेलता" असं कोरलं. बाईला वाचता येत नव्हतं, पण नवरीला येत होतं. बाई गुंड घेऊन परत आली, आणि उत्तमनं दोन अक्षरांच्या मधे, वरच्या अंगाला, एक बारीकसा "म" बसवून दिला.