तिमिरजितचा कोरा अंक

पंख्याची दोन पाती पुसून झाली होती. तिसऱ्यावर ओले फडके टेकवले आणि खालचे स्टूल डुगडुगले. ब्रह्मांडकाकांच्या बायकोने देवाचे नाव घेऊन पंख्याची दांडी धरली. स्टूल धरायला उभे केलेले काका कानाला फोन लावून आतल्या खोलीत निघून गेले होते. जाताना "एक मिनिट हं" म्हणाले. ते तिला की फोनवरच्या माणसाला, हे वर उभे राहून कळायला मार्ग नव्हता.

ब्रह्मांडकाका शाळेची बस चालवत. नाव पोरांनीच ठेवलेले. सिग्नल लाल झाला की काका मान वळवून तिमिरजितची गोष्ट पुढे नेत, आणि मागच्या गाड्या कोकलू लागल्या तरी त्यांना आकाशगंगेतून परत यायला वेळ लागे. बाकी माणूस निर्व्यसनी. लग्न ठरवताना सासूबाई यावरच भाळल्या होत्या. खोकी तेव्हा त्यांना कुणी दाखवली नव्हती.

त्या खोक्यांत तिमिरजितचे सगळे अंक होते. तिमिरजित म्हणजे चित्रकथांतला महावीर: निळा झगा, छातीवर सूर्य, आणि जगावर संकट कोसळले की हमखास दुसऱ्या ग्रहावर गेलेला. शेवटून दुसऱ्या अंकाच्या अखेरच्या चित्रात तो विश्वाच्या टोकाला, महापोकळीच्या दारापाशी उभा राहतो आणि कडीला हात घालतो. तिथे पान संपते. पुढचा, अगदी शेवटचा अंक कंपनीने प्लास्टिकच्या बंद पाकिटात विकला आणि मग कंपनीच बंद पडली. दाराआड काय आहे, यावर काकांचे संग्राहक-मंडळ केस काळे होते तेव्हापासून भांडत आले होते. काका म्हणत, दाराआड तिमिरजितच उभा आहे, आतून कडी धरून. मंडळातला दंतवैद्य म्हणे, छे, तिथे काळ उलटा वाहतो. या मुद्द्यावर दोघांनी एकदा वर्षभर अबोला धरला होता, आणि त्या वर्षात काकांनी दुखती दाढ तशीच सोसली होती.

आता कुणीही विचारील की शेवटचा अंक वाचला की झाले. नवी नवरी असताना बायकोनेही विचारले होते. ऐन प्रार्थनेत शिट्टी मारणाऱ्याकडे पाहावे तसे काकांनी तिच्याकडे पाहिले. पाकीट फोडले की अंक कोरा राहत नाही, आणि कोरा अंक म्हणजे संग्राहकाची अब्रू. मंडळातल्या प्रत्येकाकडे तो अंक होता. दुसरा कुणीतरी फोडील म्हणून प्रत्येकजण थांबला होता, आणि कुणी फोडलाच तर त्याचे तोंड पाहणार नाही, असेही प्रत्येकाने सांगून ठेवले होते. दरवर्षी एका रविवारी काकांची प्रत टेबलावर मांडत आणि दवाखान्यातले रबरी हातमोजे घालून सगळे तिच्याभोवती बसत. देवाने माणसाला डोळे दिले ते वाचायला, असे बायकोला वाटे. पण ती बोलत नसे.

तो रविवार आजचा होता, आणि आजच संध्याकाळी आक्का यायची होती.

आक्का काकांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिने शिवणकाम करून याला वाढवले, स्वतःचे लग्न राहूनच गेले. आता तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. जिना चढायचा नाही आणि गुडघ्याखाली येईल अशा बुटक्या बैठकीवर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तळमजल्यावर आतली खोली तेवढी मोकळी होण्याजोगी. "खोली तयार आहे, आक्का," असे काका इस्पितळात छातीठोकपणे सांगून आले होते. खोलीत अजून छतापर्यंत खोकी होती. बायकोने तीनतीनदा आठवण करून दिली. काकांचे म्हणणे, खोकी क्रमाने हलवायला हवीत आणि क्रम मंडळाशिवाय लागत नाही. तोवर आक्का बाहेर सोफ्यावर निजेल. सोफा किती बुटका आहे, हे बसून उठणाऱ्यालाच ठाऊक.

आक्का वॉकर टेकत आली तेव्हा आत बैठक रंगात आली होती. सोफ्याकडे पाहून ती नुसती हसली. बायको म्हणाली, "वन्सं, इथे नको, आत चला. उंच खुर्ची आतच आहे." ती खुर्ची म्हणजे अध्यक्षांची, अर्थात काकांची. ते उठले. हातमोजे घातलेली मंडळी खुर्च्या सरकवून ताठ बसली. ऑपरेशन आता व्हायचे असावे, तसा देखावा.

आक्काने खोकी पाहिली, छत पाहिले, आणि जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावे तशी म्हणाली की इस्पितळाशेजारच्या शुश्रूषागृहात ती नाव घालून आली आहे, उद्या तिकडे जाईल. कुणाची अडचण नको.

 जाऊ नकोस म्हणावे असे काकांच्या मनात होते, पण खोक्यांकडे पाहता पाहता शब्द मागे पडले. मंडळी पुन्हा महापोकळीकडे वळली. आक्काने चष्मा चढवला, समोरचे पाकीट उचलले आणि सुईदोऱ्याने राठ झालेल्या बोटांनी टरकन फाडले.

मंडळी पाकिटाकडे झेपावली, पण उशीर झाला होता.

"आक्का, ते वाचायचं नसतं," दंतवैद्य कसाबसा म्हणाला.

"मग छापलं कशाला?"

ती पाने चाळू लागली. दोन-चार पाने सरली आणि मान वर न करता ती म्हणाली, "अरे, याने दार उघडलं की..."

पुढचे ऐकायला कुणी थांबले नाही. रबरी हात कानांवर गेले. एकजण दुसऱ्याचे बूट घालून धावला. एवढी वर्षे ज्या दाराआड शिरायला मंडळी जिवाचे रान करत होती, ते उघडायची वेळ येताच सगळी फाटकाबाहेर पोचली होती.

मागोमाग आलेल्या काकांना दंतवैद्याने फाटकाशी बाजूला घेतले. ही बाई या घरात आहे तोवर मंडळ इथे पाऊल ठेवणार नाही, न जाणो कधी तोंडातून निघून जाईल. तिला शुश्रूषागृहात जागा मिळतेच आहे, तर जाऊ दे. "एक तर आक्का, नाहीतर मंडळ."

काकांनी हातातले मोजे काढले. खिडकीतून आत अवघडलेल्या पायाच्या आक्काला खुर्चीतून हात देऊन उठवणारी बायको दिसत होती.

"आक्का इथंच राहील," काका म्हणाले. "तुम्ही दवाखान्यात जमत जा."

दंतवैद्य ताडताड निघून गेला. मग काकांनी खोकी उचलायला घेतली. क्रमबिम नाही, हाताला येईल ते माडीवर. मधेच थांबून, घाम पुसत, त्यांनी न राहवून आक्काला विचारले. अगदी हळू.

"दाराआड काय निघालं म्हणतोस?" आक्का म्हणाली. "मला काय कळणार? दार उघडलं की पुढची पानं एकमेकांना चिकटलेली. शाई सुकायच्या आत बंद केलंय मेल्यांनी. सोडवायला गेले तर भुगा."

काका मटकन खोक्यावर बसले. म्हणजे सगळ्यांच्याच पाकिटांत हाच लगदा असणार. एवढ्या वर्षांचे वाद, ती दाढ, सगळे या लगद्यापायी. आधी रडू आले, मग हसू आले आणि हसूच टिकले.

"आक्का, हे कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "तुला शेवट ठाऊक नाही हे कळलं, तर उद्या सगळे परत येतील."

"लोकांपुरता मला शेवट सगळा ठाऊक आहे," आक्का म्हणाली. "फाटकाशी कुणी आलं तर मोठ्यानं सांगायला लागेन."

बायकोने खोक्यांखालून निघालेल्या पलंगावर स्वच्छ चादर घातली आणि आक्काला काठाशी बसवून पाहिले. पलंगही बुटकाच निघाला. सुतार अजून दुकानात असेल, असे तिने सांगताच काकांनी पायात चपला सरकवल्या. पलंगाच्या पायांखाली घालायला लाकडी ठोकळे आणायचे होते.