व्हॉलंटरी की इनव्हॉलंटरी

गेल्या शुक्रवारी ओरगडमच्या आमच्या प्लांटमध्ये मला एका माणसाला दोन इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगावे लागले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये... म्हणून इथे लिहितोय.

मी मूळचा साताऱ्याचा, सात वर्षं झाली चेन्नईत. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघतो. एक लाइन बंद होतेय, त्यामुळे माझ्या सेक्शनमधली चार माणसं कमी करायचं ठरलं. एचआरने फॉर्म माझ्याच हातात दिले. म्हणे, तुमची माणसं आहेत, तुमचं ऐकतील.

पहिलं नाव सेल्वम अण्णांचं. वयाने पन्नाशीच्या पुढचे, मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. मी नवा होतो तेव्हा नुसतं बोट फिरवून खराब पार्ट कसा ओळखायचा, हे त्यांनीच शिकवलं.

फॉर्मवर दोन चौकोन होते. व्हॉलंटरी आणि इनव्हॉलंटरी. अण्णांना थोडंफार इंग्रजी वाचता येतं, पण हे शब्द नवीन. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं... पहिला म्हणजे आपल्या मर्जीने जाणं, दुसरा म्हणजे आपली मर्जी नसताना कंपनीने घालवणं. एकदम उलटे.

अण्णांनी चष्मा लावला आणि इनव्हॉलंटरीवर टिक केली. "बरोबर ना, तंबी?"

बरोबरच होतं हो! जन्मभर इन्स्पेक्शन केलेला माणूस, जे आहे तेच लिहिणार.

पुढचं मी सांगितलंच नव्हतं... तिथे टिक केली की अनुभवाचं चांगलं पत्र मिळत नाही. 'कामावरून काढलं' असा शेरा पडतो, आणि मग या वयात कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही. हे सगळं सांगत मी दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"पण मी कुठे जातो म्हणालो?" अण्णांनी विचारलं.

त्यांनी पहिला फॉर्म घडी घालून बाजूला ठेवला. मग व्हॉलंटरीवर टिक केली. कारण स्वतःच्या अक्षरात लिहायचं असतं, म्हणून 'पर्सनल रीझन' हे मी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आणि त्यांनी एकेक अक्षर बघून उतरवलं. खाली साक्षीदार म्हणून सही माझी... की यांच्यावर कुणाचाही दबाव नव्हता.

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुलाही घरदार आहे, तंबी. मनाला लावून घेऊ नकोस." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यासाठी त्यांचे आभार मानायचेत, पण त्यांच्या घरी जायची हिंमत होत नाही.

त्यानंतर आणखी तिघं आले. त्यांना मी अर्थ सांगितलाच नाही... पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि पेन दिलं.