सायफरच्या खोलीतलं उट्टं

आदिलाबादला सरकारी बिनतारी केंद्रात मी सायफरच्या, म्हणजे सांकेतिक संदेशांच्या, खोलीत होतो. हैदराबादहून आकड्यांचे गट यायचे. त्या दिवसाच्या किल्लीनं ते उलगडायचे, मजकूर लाखबंद पाकिटातून मोठ्या साहेबांकडे न्यायचा आणि कच्चा कागद घमेल्यात जाळायचा. अमका संदेश आला का, असं कुणी विचारलं तर 'आला' म्हणायचं नाही, 'नाही आला' असंही नाही. गप्प राहायचं.

आमचा इन्स्पेक्टर सरहद्दीवरच्या गावचा, आमच्याच बोलीचा. सागवान चोरांवरच्या धाडीची बातमी एकदा आधीच फुटली. फोडली त्यानंच, बोथ गावच्या लाकूडवाल्याकडे जेवता जेवता. अंगाशी येतंय म्हटल्यावर भर कचेरीत त्यानं माझ्याकडे बोट केलं. "या लोकायच्या पोटात काई राहत नाई." चौकशी लागली, आणि ती संपेपर्यंत मी मंचेरियलच्या केंद्रावर बॅटऱ्यांत पाणी घालत बसलो. माझा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या कापसात राबला, पण त्याला कुणी बेइमान म्हटलं नव्हतं. मला म्हटलं. मी तो इन्स्पेक्टर मनात जपून ठेवला.

पुरावा मिळाला नाही, म्हणून मला परत त्याच खोलीत बसवलं. एका दुपारी गट उलगडता उलगडता इन्स्पेक्टरचंच नाव निघालं. जप्तीच्या सागवानाचा त्यानं घरी पलंग करून घेतला होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या क्वार्टरची झडती होती. मला इतका आनंद झाला की ते नाव मी पुन्हा एकदा उलगडून पाहिलं. पाकीट पोचवलं, कागद जाळला.

संध्याकाळी तो दाराशी आला. कुठून तरी कुणकुण लागली असावी. एरवी माझ्या हातचं पाणी न घेणारा, त्या दिवशी स्टूल ओढून बसला आणि पाणी मागून प्याला. आजवर तू म्हणायचा, आज तुमी.

"आपून एका मातीचे," म्हणाला. "माह्याबद्दल काई आलं काय, तेवढं सांगा."

मी नियमानं गप्प बसलो असतो, तर तो समजून गेला असता आणि रातोरात पलंगाचं सरपण झालं असतं. म्हणून मी नियम मोडला.

"काई नाई आलं, साहेब. खुशाल झोपा."

पहाटे त्याला त्याच पलंगावरून उठवलं. मी मुद्दाम फाटकाशी जाऊन उभा होतो. जीपमध्ये चढताना तो दात खाऊन म्हणाला, "खोटं काऊन बोलला बे?"

मी हसलो. मन मोठं करावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी करावं. त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या.